बिनशंखाच्या गोगलगाईचे ताट : पुणे, मालवण आणि पुन्हा पुणे

पहिला दिवस : माघ शुद्ध चतुर्दशी, पुणे

कोथरूडला माझ्या भाच्याच्या बैठकीत चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे गाळलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळून त्याला घरीच समुद्र करावा लागतो, आणि हे काम तो गेली चार वर्षे नेमाने करतो. या हिवाळ्यात त्याने एका दुकानातून बोटभर लांबीची, काळ्या अंगावर निळसर उंचवटे आणि त्यांवर सोनेरी टोकांच्या गाठी असलेली एक समुद्री गोगलगाय आणली. “काचेवरचे शेवाळ खाते, टाकी स्वच्छ ठेवते,” असे सांगून ती त्याला विकण्यात आली होती. एकोणिसाव्या दिवशी ती मेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतले दोन्ही क्लाउनफिश तळाशी पडलेले आढळले. मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे भाच्याने मला बोलावून विचारले, “मावशी, ही होती तरी कोण?”

प्राणी हातात नव्हता, परंतु त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर काढलेली छायाचित्रे होती, आणि त्यांतले एक फार मोलाचे निघाले. गोगलगाय काचेवर चढलेली असताना तिने काचेच्या बाहेरून तिचे पोट टिपले होते. समुद्रात हा प्राणी पाहणाऱ्याला पाठ दिसते आणि पोट पाहायचे तर त्याला उलटे करावे लागते. इथे काचेमुळे राखाडी तळवा आपोआप दिसत होता, आणि त्या तळव्याच्या मधोमध एक काळी रेघ होती. तळवा आणि पाठीचे आवरण यांच्या मधल्या खाचेत पानांसारखे कल्ले दाटीने लागलेले दिसत होते.

एवढ्यावर ओळख पटली. पाठीवर कल्ल्यांचा पिसारा नाही, म्हणजे हा फिलिडिया कुळातला प्राणी. डोक्यावरची वास घेणारी दोन शिंगे, ज्यांना ऱ्हायनोफोर म्हणतात, ती सोनेरी पिवळी. याच कुळातल्या फिलिडिएला पुस्टुलोसा या जातीची शिंगे काळी आणि गाठी गुलाबी असतात, म्हणून ती बाद झाली. फिलिडिया सेलेस्टिस ही निळी-पिवळी जात पाठीवरून पुष्कळ मिळतीजुळती दिसते, पण तिच्या तळव्यावर काळी रेघ नसते. उरली ती फिलिडिया व्हॅरिकोसा, जिचे नामकरण लामार्क यांनी १८०१ साली केले आणि जी हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या उष्ण पाण्यातल्या प्रवाळांवर आढळते.

ओळख पटली तेव्हा तिच्या मरणाचे कारणही उलगडले. ही गोगलगाय शेवाळ खात नाही. ती स्पंज खाते, आणि तेही ठरावीक स्पंज. बहुतेक गोगलगाईंच्या तोंडात रॅड्युला म्हणजे सूक्ष्म दातांच्या ओळी असलेली कानशीसारखी पट्टी असते, पण फिलिडियाला ती नाही. ती स्पंजावर पाचक रस सोडते आणि विरघळलेला गर शोषून घेते. काचेवरचे शेवाळ खरवडायला तिच्याजवळ साधनच नव्हते. ती काचेवर फिरत होती याचा अर्थ ती साफसफाई करत होती असा घरच्यांनी घेतला, आणि प्रत्यक्षात ती एकोणीस दिवस अन्न शोधत होती, हे भाच्याला सांगताना मला फार जड गेले.

माशांचे काय झाले असावे याचाही दुवा तिच्या अन्नातच आहे. फिलिडिया व्हॅरिकोसाच्या अंगातून सुटणारा स्राव मासे आणि कवचधारी प्राणी यांना मारतो, असे आर. ई. जोहान्स यांनी १९६३ साली नोंदवले. १९७५ साली हवाई विद्यापीठातील पॉल शॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्रावातले विषारी द्रव्य वेगळे काढले, आणि तेच द्रव्य ती ज्या स्पंजावर चरत होती त्या स्पंजातही सापडले. म्हणजे विष गोगलगाईचे स्वतःचे नव्हते, तिने ते जेवणातून घेऊन अंगात साठवले होते. ओआहू बेटावरच्या पुपुकेआ या ठिकाणावरून त्या द्रव्याला नाव मिळाले आहे. मरणाऱ्या गोगलगाईने बंद टाकीत ते सोडले असेल, तर दोन लहान माशांचा निभाव लागणे कठीणच होते.

मुलगी सगळे शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, “मावशीआजी, तू तिला खाताना पाहिले आहेस का?” मी पाहिले नव्हते. चाळीस वर्षे मृदुकाय प्राण्यांचा धडा शिकवला, फॉर्मलिनच्या बाटलीतल्या रंग उडालेल्या गोगलगाई शेकडो मुलांना दाखवल्या, पण जिवंत समुद्री गोगलगाय जेवताना मी कधीही पाहिली नव्हती. प्रवाळांच्या लक्षद्वीपला जाणे परवानग्यांशिवाय शक्य नव्हते. मालवण मात्र एका दिवसाच्या रस्त्यावर होते, पौर्णिमा उद्यावर आली होती आणि पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते. आम्ही त्या संध्याकाळीच पिशव्या भरल्या.

दुसरा दिवस : पौर्णिमा, पुणे ते मालवण

पहाटे पाचला चांदणी चौकातून महामार्गाला लागलो. खंबाटकीचा घाट, सातारा आणि कोल्हापूर मागे टाकून, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरत दुपारी कणकवलीला पोहोचलो आणि कसालवरून मालवणला गेलो. प्रवासाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखी आहे ती घाटातली मुलीची शंका.

“बाबांनी तिला बाजारातून स्पंज आणून दिला असता तर ती जगली असती का?” असे तिने विचारले. अंघोळीचा नैसर्गिक स्पंज म्हणजे मेलेल्या प्राण्याचा सांगाडा असतो, हे आधी सांगावे लागले. मग मी तिला घरामागच्या वेताळ टेकडीवरच्या रुईची आठवण करून दिली. रुईच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट पावसाळ्यानंतर हमखास दिसतात. रुईचा चीक विषारी असल्यामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, परंतु हे सुरवंट तीच पाने खातात, चिकातले विष अंगात साठवतात आणि त्यांचे फुलपाखरूही त्याच विषामुळे पक्ष्यांना नकोसे होते. त्या सुरवंटाला पालकाची जुडी आणून दिली तर तो तिच्यावर उपाशी मरेल. स्पंजाच्या वर्णन झालेल्या जाती नऊ हजारांच्या आसपास आहेत, आणि एखाद्या गोगलगाईला त्यांतल्या मोजक्याच चालतात. स्पंज हा शब्द तिच्या दृष्टीने ‘वनस्पती’ या शब्दाइतका मोघम आहे.

संध्याकाळी ज्यांच्या घरी उतरलो ते काका पूर्वी मासेमारी करत. दुसऱ्या दिवशीची ओहोटी कधी लागेल असे विचारल्यावर त्यांनी कॅलेंडरही पाहिले नाही. “तिथीक पाऊणपट करा, भरतीचो टायम गावता,” असे ते म्हणाले. प्रतिपदा म्हणजे एक, त्याची पाऊणपट म्हणजे पाऊण तास, म्हणून भरती पाऊण वाजता, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे पावणेसातच्या सुमारास, सुकती. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात, आणि कातळ उघडे पडताना पाहिले की हा शब्द किती नेमका आहे ते कळते.

मी त्यांना मोबाइलवर समुद्री गोगलगाईंची चित्रे दाखवून मालवणीत त्यांना काय म्हणतात ते विचारले. त्यांनी चित्रे लक्षपूर्वक पाहिली. जाळ्यात आणि कातळावर असे काही पाहिल्याचे त्यांना आठवत होते, पण नाव नव्हते. “जां खाऊक येना नाय, तेका नाव कित्याक ठेवतलंव?” त्यांच्या या वाक्याने मला रात्री बराच वेळ जागे ठेवले. माणसाने नाव दिले नाही कारण तो प्राणी माणसाच्या ताटात येत नाही, आणि तो ताटात येत नाही याचे कारण त्याच्या स्वतःच्या ताटात आहे.

तिसरा दिवस : प्रतिपदा, चिवल्याजवळचे कातळ

सहाला अंधारातच निघालो. मालवणला चिवला किनाऱ्याजवळ, रॉक गार्डन म्हणतात त्या भागात, जांभ्याच्या रंगाचे खडबडीत कातळ समुद्रात शिरलेले आहेत आणि सुकतीला त्यांच्यात लहान-मोठी डबकी शिल्लक राहतात. हा किनारा १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा शेजार असल्यामुळे मी निघण्यापूर्वीच नियम घालून दिला होता की काहीही उचलायचे नाही, प्राण्याला बोट लावायचे नाही आणि एखादा दगड उलटलाच तर तो होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवायचा, कारण दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात.

पहिला तास निराशेचा गेला. कालवे, शंखातले खेकडे, समुद्रफुले आणि काळ्या काटेरी साळींद्रासारखे सागरी अर्चिन यांशिवाय काही दिसेना. नवख्या माणसाची चूक मीही करत होते. मी रंग शोधत होते. मोठ्या छायाचित्रांतून हे प्राणी आपल्याला हातभर लांबीचे वाटतात, परंतु प्रत्यक्षात बहुतेक जाती नखाएवढ्या किंवा बोटाच्या पेराएवढ्या असतात, आणि सकाळच्या तिरप्या प्रकाशात ओल्या कातळावरची प्रत्येक गोष्ट रंगीत चमकत असते. रंग शोधणे सोडून अन्न शोधायचे असे ठरवले, तेव्हा चित्र बदलले.

एका डबक्याच्या कडेला हायड्रॉइडचे बारीक, पिसासारखे तपकिरी झुबके होते. हे प्रवाळांच्या आणि जेलीफिशच्या नात्यातले दंश करणारे प्राणी, पण दिसायला गवतासारखे. मुलीला तिथे बसवून मी म्हटले की फक्त या झुबक्यांकडे पाहत राहा. पाचेक मिनिटांत ती ओरडली. दीड इंचाचा, फिकट अंगावर नारिंगी जाळी असलेला आणि पाठीवर फांद्यांसारख्या उपांगांच्या जोड्या घेऊन चालणारा एक प्राणी झुबक्यातून बाहेर येत होता, आणि त्या उपांगांच्या टोकांजवळ नारिंगी वळी होती. ही बोर्नेला स्टेलिफर. लाटेचा हलका धक्का बसताच तिने कातळ सोडला आणि अंग डावी-उजवीकडे वळवत, सापासारखी, डबक्याच्या पलीकडे पोहून गेली. गोगलगाय पोहू शकते हे मुलीला खरेच वाटेना, आणि खरे सांगायचे तर पुस्तकात वाचलेले असूनही मला ते डोळ्यांनी पाहताना तसेच वाटले.

दंश करणाऱ्या अन्नावर जगणाऱ्या या प्राण्यांच्या एका मोठ्या गटाची, एओलिडची, तऱ्हा मी तिला तिथेच सांगितली. हायड्रॉइड किंवा समुद्रफूल खाताना त्यांच्या दंशपेशींतल्या कुप्या न फुटता काही एओलिडच्या पोटातून पाठीवरच्या बोटांसारख्या उपांगांत जातात आणि टोकाशी असलेल्या पिशव्यांत साठतात. पुढे कुणी त्या एओलिडला चावलेच, तर दंश बसतो तो तिने खाल्लेल्या प्राण्याचा. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर वाहून येणारे निळे फुगे, म्हणजे फिजेलिया, खाणारा ग्लॉकस हा निळा तरंगता प्राणी याच गटातला आहे, आणि म्हणून तो किनाऱ्यावर सापडल्यास हातात घेऊ नये.

पावणेआठला पाणी परत चढू लागले. निघता निघता भाच्याने एका कपारीकडे बोट केले. उघड्या कातळावर साडेतीन-चार सेंटिमीटरचा एक प्राणी संथपणे चालला होता. निळसर राखाडी अंग, त्यावर पिवळे आणि गर्द निळे-काळे ठिपके असे शिंपडलेले की रांगोळीच्या डब्यातले दोन रंग एकत्र सांडावेत. शिंगे लालभडक, आणि पाठीच्या मागच्या भागावर कल्ल्यांचा लाल कडांचा पिसारा. पिसारा पाठीवर होता, म्हणजे हा फिलिडियाचा सख्खा नव्हे, क्रोमोडोरिड कुळातला चुलत भाऊ. “हिप्सेलोडोरिस,” असे मी उत्साहाने म्हणून टाकले आणि पुढे जातीचे नावही घेणार होते, पण जीभ आवरली. पुण्याच्या दुकानात रंग पाहून केलेल्या अंदाजाचा परिणाम आम्ही तिघांनीही पाहिला होता. लाटांचे पाणी कपारीत शिरले आणि तो दिसेनासा झाला. भाच्याने त्या कपारीच्या डोक्यावरचा, घोड्याच्या खुरासारखा दिसणारा दगड लक्षात ठेवला.

चौथा दिवस : द्वितीया, तीच कपार

या दिवशीची सुकती साडेसातच्या सुमारास होती, म्हणजे उजेड अधिक आणि पाणीही कालच्याइतकेच खाली. खुराच्या दगडाशी पोहोचलो तेव्हा कपारीत गुडघाभर पाणी शिल्लक होते. कालचा उघडा कातळ रिकामा होता. मी पाण्यात गुडघे टेकून कपारीच्या छताखाली डोके घातले. तिथे, सूर्यप्रकाश थेट न पोहोचणाऱ्या भागात, तळहाताएवढा फिकट जांभळट-राखाडी स्पंज कातळाला पसरून चिकटला होता आणि त्याच्या कडेवर तो प्राणी डोके खाली घालून स्थिर बसला होता. कालचाच की दुसरा, हे सांगता येणार नाही.

पुढची चाळीस मिनिटे आम्ही तिघे आलटून पालटून त्या छताखाली डोके घालत राहिलो, आणि माझ्या आयुष्यातल्या प्राणिशास्त्राच्या सगळ्या तासिकांपेक्षा ती चाळीस मिनिटे मला अधिक मोलाची वाटतात. प्रथमदर्शनी तो खातो आहे असे वाटतच नाही. तुकडा तोडणे किंवा चघळणे असे काही दिसत नाही. आवरणाची पुढची कड स्पंजावर झाकणासारखी टेकलेली असते, लाल शिंगे पाण्यात ताठ असतात आणि पिसारा मधूनमधून किंचित आकसतो. भिंग धरून कडेने पाहिल्यावर मात्र तोंडाची लहानशी नळी बाहेर आलेली आणि स्पंजात रुतलेली दिसली, आणि डोक्याची अतिशय सावकाश पुढेमागे होणारी हालचाल लक्षात आली. आत रॅड्युलाची कानस चालली होती. ही फिलिडियासारखी शोषून घेणारी जात नव्हे, खरवडणारी होती. एकच अन्न, दोन चुलत घराणी, आणि जेवण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती.

साधारण पाऊण तासाच्या आत ती बोटाच्या पेराइतकी पुढे सरकली आणि तिच्या मागे स्पंजात एक उथळ खड्डा उघडा पडला. त्या खड्ड्याने आम्हांला स्पंजाची ओळख करून दिली, कारण आम्ही स्वतः त्याचा तुकडा तोडणार नव्हतोच. दहापट भिंगातून खड्ड्याच्या कडेला मऊ धागे लोंबताना दिसत होते आणि त्या धाग्यांत वाळूचे कण माळेतल्या मण्यांसारखे अडकलेले होते. न खाल्लेल्या पृष्ठभागावर सगळीकडे बारीक टोके वर आलेली होती, जणू आतून सुयांनी कापड उचलून धरावे. बहुतेक स्पंज आपल्या शरीराला आधार म्हणून काचेच्या किंवा चुन्याच्या सूक्ष्म सुया स्वतः तयार करतात. डिसिडिया या गणातले स्पंज तसे करत नाहीत. ते पाण्यातून आलेली वाळू आपल्या धाग्यांत भरून घेतात आणि त्या वाळूवर उभे राहतात. टोकदार पृष्ठभाग, मऊपणा आणि वाळूने भरलेले धागे, हे सगळे डिसिडियाकडे बोट दाखवत होते, आणि हिप्सेलोडोरिस गणातल्या जाती डिसिडियाच्या कुळातले स्पंज खातात ही गोष्ट तर सर्वज्ञात आहे.

इथे घाटातल्या रुईचा धागा पुढे न्यावा लागला, आणि तो मुलीनेच नेला. “मग या स्पंजात पण चीक आहे का?” आहे. डिसिडियात उग्र चवीची द्रव्ये असतात, ज्यांच्यामुळे बहुतेक मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. हिप्सेलोडोरिस ती द्रव्ये पचवून टाकत नाही. ती त्यांना पाठीच्या आवरणाच्या कडेला असलेल्या खास ग्रंथींत नेऊन ठेवते, म्हणजे शत्रूचा पहिला चावा जिथे पडण्याची शक्यता अधिक, तिथे. नीट पाहिल्यास आवरणाच्या कडेखाली या ग्रंथी फिकट गोळ्यांसारख्या दिसू शकतात. आणि मग रंगांचा अर्थ लागतो. एवढे भडक ठिपके लपण्यासाठी नसून ओळख पटण्यासाठी आहेत. एकदा तोंड पोळलेला मासा त्या ठिपक्यांची आठवण ठेवतो. स्वतः या गोगलगाईला आपले रंग दिसत नाहीत, कारण तिचे डोळे उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे काही सांगत नाहीत. तिचे जग वासाचे आहे, आणि ती लाल शिंगे पाण्यातला तो वास घेण्यासाठीच उभारलेली असतात.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातल्या कॅरन चेनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली क्रोमोडोरिस गणातल्या जवळच्या नात्यातील काही जाती तपासल्या. त्या जातींनी आवरणाच्या कडेला एकच विशिष्ट विष, लॅट्रनक्युलिन ए, साठवलेले होते, जरी शरीराच्या इतर भागांत अन्नातून आलेली आणखीही द्रव्ये होती. घरात आलेल्या सगळ्या किराण्यातून नेमके तिखटच वेगळे काढून दाराशी मांडून ठेवावे, तसे हे आहे. प्राणी निवड करतो, ही गोष्ट मला त्या विषापेक्षाही थक्क करते.

स्पंजापासून वीतभर अंतरावर कातळाला एक पांढुरकी, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली फीत चिकटली होती. ही समुद्री गोगलगाईची अंडी. एकेका फितीत हजारो असतात. हे प्राणी उभयलिंगी असल्यामुळे भेटलेले दोघेही अंडी घालू शकतात. फीत याच जातीची आहे असे मी मुलीला सांगितले नाही, कारण त्या कपारीत आणखी कोण राहते हे आम्ही पाहिलेले नव्हते. मात्र अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला इवलासा शंख असतो आणि तळावर उतरून रूप बदलताना ते तो टाकून देते, हे सांगितल्यावर तिने विचारले, “कुठे उतरायचे ते त्याला कसे कळते?” याचे उत्तर प्रवाळ खाणाऱ्या फेस्टिला नावाच्या गोगलगाईवर हवाईत झालेल्या कामातून मिळाले आहे. तिचे पिल्लू पाण्यात तरंगत असताना त्याला त्याच्या खाद्य-प्रवाळातून पाझरणारे द्रव्य लागले, तरच ते पोहणे थांबवून खाली उतरते. जेवणाचा वास आला की बालपण संपते.

पाणी चढू लागले, तेव्हा आम्हांला भाच्याला हात धरून कपारीतून बाहेर ओढावे लागले. मान अवघडली होती, ओठ निळे पडले होते, तरी तो म्हणत होता, “मावशी, अजून दोन मिनिटे.” पुण्यात टाकीसमोर बसून ज्याने एकोणीस दिवस काचेवरचा उपाशी प्राणी पाहिला होता, त्याला पोटभर जेवणारा प्राणी सोडवत नव्हता.

पाचवा दिवस : तृतीया, मालवण ते पुणे

सव्वाआठच्या सुकतीला अर्धा तास मिळाला. पाणी कालच्याइतके उतरले नाही आणि कपारीच्या छतापर्यंत लाटा येत होत्या. प्राणी दिसला नाही. स्पंजातला खड्डा मात्र कालच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा झाला होता, आणि अर्धा स्पंज अजून शिल्लक होता. मी कॅमेरा पाण्याखाली धरून खड्ड्याची चार छायाचित्रे घेतली. काकांनी चहा देताना विचारले, “गावला काय?” मुलीने त्यांना खड्ड्याचे चित्र दाखवले आणि आम्ही पाहिलेला प्राणी काय खातो ते सविस्तर सांगितले. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. नंतर बराच वेळ काही न बोलता, आपल्या लहानपणी गळाला लागलेला एखादा मासा अशा रंगीत प्राण्याला तोंडात घेऊन लगेच थुंकताना पाहिल्याची आठवण त्यांनी सांगितली. ही नोंद मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवली आहे. रात्री दहाला पुण्यात पोहोचलो.

सहावा दिवस : पुणे

सकाळी कोथरूडच्या जेवणाच्या टेबलावर चौथ्या दिवसाची त्र्याहत्तर छायाचित्रे मोठ्या पडद्यावर लावून बसलो. गण नक्की होता. जातीचा निर्णय दोघांत अडला होता. हिप्सेलोडोरिस इन्फुकाटा ही जात रूप्पेल आणि लॉयकार्ट यांनी १८३० च्या सुमारास तांबड्या समुद्रातून वर्णन केली आणि ती हिंदी महासागराच्या पुष्कळ भागांत आढळते. हिप्सेलोडोरिस कांगा ही जात विल्यम रडमन यांनी १९७७ साली टांझानियातून वर्णन केली. दोन्ही ठिपक्यांच्या, दोन्ही लाल शिंगांच्या, आणि ठिपक्यांची संख्या व दाटी एकाच जातीत इतकी बदलते की त्यांवर विसंबणे धोक्याचे असते. फरक पिसाऱ्यात पाहायचा. कांगाच्या कल्ल्यांच्या बाहेरच्या बाजूवर पिवळे ठिपके असतात. आमच्या त्र्याहत्तर चित्रांपैकी फक्त सहा चित्रांत पिसारा पूर्ण उघडलेला आणि स्पष्ट होता, आणि त्या सहाही चित्रांत कल्ले राखाडी-पांढरे, लाल कडांचे होते आणि त्यांच्यावर पिवळा ठिपका एकही नव्हता. आम्ही इन्फुकाटा असे लिहिले.

मग मुलीने आपली वही काढली. डाव्या पानावर तिने टाकीतल्या गोगलगाईचे चित्र चिकटवून तिच्याखाली नाव लिहिले : फिलिडिया व्हॅरिकोसा. ठिकाण : कोथरूड, टाकी. ओळखीची खूण : तळव्यावर काळी रेघ. खाद्य, या शब्दापुढे तिने बराच वेळ पेन धरून ठेवला आणि शेवटी ‘मिळाले नाही’ असे लिहिले. उजव्या पानावर मालवणचे चित्र आले. हिप्सेलोडोरिस इन्फुकाटा. ठिकाण : चिवल्याजवळचे कातळ, खुराच्या दगडाखालची कपार. तिथी : माघ वद्य द्वितीया, सुकती. ओळखीची खूण : लाल कडांचा पिसारा, पिवळे ठिपके नाहीत. खाद्य : स्पंज, बहुधा डिसिडिया, खाताना तिघांनी पाहिले.

भाचा टाकीजवळ उभा होता. टाकीत आता जिवंत खडकाचे, म्हणजे समुद्रातल्या बारीक जीवांसकट आणलेल्या खडकाचे, दोन तुकडे आणि पाणी एवढेच आहे. वही त्याच्या हातात दिल्यावर त्याने दोन्ही पाने वाचली आणि डाव्या पानावर, मुलीच्या अक्षराखाली, त्या एकोणीस दिवसांच्या तारखा लिहिल्या.